वारसा दिसला, वारसदार दिसले नाहीत

पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचेही होते. प्रदर्शनाची मात्र फक्त उद्घाटनाची बातमी होते. १८५२ साली नगरपालिका आणि २०१६ मध्ये महानगरपालिका मिळालेल्या आमच्या पनवेलमध्ये हस्तकलेची, वारशाची प्रदर्शने आता नेमाने भरतात. त्यांतून बचत गटांच्या बायकांना चार पैसे मिळतात, ही गोष्ट लहान नाही. पण जे मांडले जाते आणि जे वगळले जाते, त्याची चर्चा व्हायला हवी.

मध्यंतरी एका प्रदर्शनाला मी माझ्या उर्दू शाळेतल्या मुलींना घेऊन गेले होते. दारातच सोनेरी रंग दिलेले बैलगाडीचे चाक उभे होते. लोक त्यापुढे उभे राहून फोटो काढत होते. चाकाजवळ माहितीची एक ओळही नव्हती. वास्तविक गाडीची चाके बनवणे हा जुन्या पनवेलचा मुख्य धंदा होता. मुंबईहून गलबताने माल पनवेल बंदरात उतरायचा आणि पुढे बैलगाडीने घाट चढायचा. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि चाकांना मागणी वाढली. एकेक सुतार वर्षाला शंभर जोड्या चाके करी, आणि घाटावरचे गाडीवान ती ठोकीने घेत, असे इंग्रजी अमदानीतले गॅझेटिअर सांगते. तुंबा, आरे, तापवून चढवलेली लोखंडी धाव हे शब्दही त्या सुतारांबरोबर गेले. सोनेरी रंगाखाली हा सगळा इतिहास झाकला गेला होता.

आत वारली चित्रांचे कप, पिशव्या, कुर्ते होते. लग्नघरी सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर देवचौक काढतात, तेव्हा ते चित्र लग्नविधीचाच भाग असते. जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांनी ही कला जगापुढे नेली, ती त्यामागचे आयुष्य सोबत घेऊन. कपावर फक्त नाचणाऱ्या आकृत्या उरतात.

याउलट आमचा हंगामी बाजार पाहावा. पावसाच्या तोंडाशी ठाकूर-कातकरी बायका रस्त्याच्या कडेला शेवळे घेऊन बसतात. जुडीबरोबर काकडेही देतात आणि बजावतात, "हे घातल्याशिवाय करू नका, घशाला खाजेल." वस्तू, ती ओळखणारा माणूस आणि त्याची भाषा तिथे एकाच ठिकाणी भेटतात. त्या बाईला मात्र प्रदर्शनात गाळा मिळत नाही. तिच्या पाट्या कोणत्याही क्षणी उचलल्या जाऊ शकतात.

शेवटी आम्ही 'कोकणची खाद्यसंस्कृती' या दालनात गेलो. उकडीचे मोदक, घावन, फणसाचे सांदण, सगळे होते. एका मुलीने मला विचारले, "मिस, इसमें हमारा क्या है?" ही मुलगी शाळेत उर्दू शिकते आणि घरी आजीशी कोकणी बोलीत बोलते. तिच्या घरीही ईदला सांदणच होते, तांदळाच्या रव्याचे, नारळाच्या दुधातले. शब्द तोच, कोकणही तेच. तरीही ते घर तिथे नव्हते. मला उत्तर सुचले नाही.

हमीद दलवाईंच्या 'इंधन'ने १९६५ साली कोकणातले मुस्लिम घर मराठी वाचकासमोर ठेवले. साहित्याने तेव्हा जे केले, ते प्रदर्शनांना अजून का जमू नये? वगळण्यामागे नेहमी द्वेषच असतो असे मी म्हणत नाही. पुष्कळदा कोणी विचारलेलेच नसते. पण न विचारण्याचा परिणामही तोच होतो.

मागण्या मोठ्या नाहीत. प्रत्येक वस्तूपाशी करणाऱ्याचे नाव, गाव आणि त्याच्या बोलीतला शब्द लिहावा. एखादा सुतार, एखादी कुंभारीण तिथे काम करत बसावी. शेवळेवालीला हंगामात हक्काची जागा द्यावी. आणि मोहल्ल्यात येऊन कोणीतरी आमच्या आज्यांना विचारावे.

तोवर माझ्या वर्गातल्या मुली वहीत आपापल्या आजीचे शब्द उतरवून घेत आहेत. पहिला शब्द त्या मुलीनेच लिहिला : सांदण.