लिपीची सीमा आणि भाषेचा आवाज : आर्मेनियन व कँटनीज

दोन भाषांची तुलना सामान्यतः कुलसंबंधाच्या किंवा परस्परसंपर्काच्या आधारे केली जाते. आर्मेनियन आणि कँटनीज यांच्या बाबतीत हे दोन्ही आधार उपलब्ध नाहीत. आर्मेनियन ही इंडो-युरोपीय कुलातील स्वतंत्र शाखा आहे. १८७५ मध्ये हाइनरिश ह्युब्शमान यांनी तसे सिद्ध करेपर्यंत तिची गणना इराणी गटात होत असे. कँटनीज ही चिनी कुलातील. पहिलीचे व्याकरण विभक्तिप्रत्ययांवर चालते, तर दुसरीत विभक्ती नाहीत आणि सहा सुरांमुळे शब्दार्थ बदलतो. केवळ रचनेची तुलना केल्यास भेदांची यादी तेवढी हाती लागेल. साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने खरा तुलनीय प्रश्न वेगळा आहे. बोलली जाणारी भाषा पृष्ठावर कशी येते, आणि ती कोणाच्या नावाने ओळखली जाते, हा तो प्रश्न होय.

आर्मेनियन भाषेच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर पाचव्या शतकाच्या आरंभीच दिले गेले. सुमारे ४०५ साली मेस्रोप माश्तोत्स यांनी छत्तीस अक्षरांची वर्णमाला सिद्ध केली आणि पाठोपाठ बायबलचे भाषांतर झाले. ही लिपी दुसऱ्या कोणत्याही भाषेची नव्हती. त्यामुळे त्या अक्षरांत लिहिलेले पृष्ठ पाहताक्षणीच आर्मेनियन म्हणून ओळखले जाई. १३७५ मध्ये किलिकियाचे राज्य लयाला गेल्यापासून १९१८ पर्यंत आर्मेनियनांना स्वतःचे राज्य नव्हते. या काळात लिपीनेच सीमेचे कार्य केले. पहिला आर्मेनियन मुद्रित ग्रंथ १५१२ मध्ये व्हेनिस येथे, तर पहिले नियतकालिक ‘अझदारार’ १७९४ मध्ये मद्रास येथे निघाले, ही गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

तथापि लिपी आणि वाणी यांचे हे ऐक्य वरवरचे होते. ग्राबार ही प्राचीन ग्रंथभाषा लोकांच्या बोलण्यापासून दुरावत गेली. खाचातुर अबोव्यान यांनी १८४१ मध्ये ‘आर्मेनियाच्या जखमा’ ही कादंबरी कानाकेर गावच्या बोलीत लिहिली; ती छापली गेली १८५८ मध्ये, लेखक बेपत्ता झाल्यानंतर दहा वर्षांनी. पुढे लोकभाषेवर आधारलेली पूर्व आणि पश्चिम अशी दोन प्रमाणरूपे स्थिरावली. त्यांच्यातील एक भेद मार्मिक आहे. त्याच अक्षरांनी लिहिलेले एकच नाव पूर्वेकडील वाचक ‘ग्रिगोर’ असे वाचतो, तर पश्चिमेकडील वाचक ‘क्रिकोर’ असे. सोव्हिएत राजवटीतील १९२२ व १९४० च्या लेखनसुधारणांनी यात लेखनभेदाची भर घातली, कारण पश्चिम आर्मेनियनने जुनेच लेखन राखले. अर्थात एका पृष्ठाला दोन आवाज असणे ही अवस्था आर्मेनियनलाही अपरिचित नाही. मात्र दोन्ही आवाज आर्मेनियन याच नावाने ओळखले जातात.

कँटनीजची अवस्था नेमकी याच ठिकाणी भिन्न ठरते. चिनी लिपिचिन्ह उच्चाराशी काटेकोरपणे बांधलेले नसल्यामुळे उत्तरेकडील बोलीवर आधारलेले प्रमाण लेखन कँटनीज उच्चारांत मोठ्याने वाचता येते. हाँगकाँगमधील शाळांत परंपरेने तसेच वाचन होत आले. परंतु त्या वाक्यातील सर्वनामे, नकार आणि संबंधदर्शक शब्द बोलण्यातील नसतात. उच्चार स्वतःचा, पण वाक्य परके, अशी ही विभागणी आहे. १९७४ मध्ये हाँगकाँगमध्ये ‘चिनी’ राजभाषा झाली. कोणती चिनी, हे कायद्याने सांगितले नाही. आर्मेनियन लिपी भाषेला दृश्य करते. चिनी लिपी कँटनीजला सामावून घेते आणि त्याच क्रियेत तिला झाकून टाकते.

बोलण्यातील शब्द जसेच्या तसे लिहावयाचे झाल्यास वेगळी चिन्हे योजावी लागतात. यांतील अनेक चिन्हांच्या डाव्या अंगाला ‘मुख’ हा घटक असतो. उरलेले चिन्ह बहुधा केवळ ध्वनीसाठी उसने घेतलेले असते. ‘नाही’ या अर्थाचे ‘मोउ’ हे चिन्ह तर ‘असणे’ या चिन्हातील आतल्या दोन रेषा वगळून सिद्ध झाले आहे. जणू पृष्ठावर तोंड काढूनच ही भाषा आपले अस्तित्व सांगते. या लेखनाला परंपरा नाही असे म्हणता येणार नाही. जिउ जी-युंग यांचा ‘युत-आउ’ हा गीतसंग्रह १८२८ मधला आहे. विसाव्या शतकात हाँगकाँगच्या वृत्तपत्रांतून अभिजात चिनी, प्रमाण लेखन आणि कँटनीज यांचे मिश्रण करणारी ‘साम-काप-दाइ’ शैली रुळली होती. हाँगकाँगच्या शासनाने १९९९ मध्ये संगणकासाठी पूरक चिन्हसंच प्रसिद्ध केला आणि त्यात अशा अनेक चिन्हांना स्थान मिळाले. तरीही या वाङ्मयाची नोंद चिनी साहित्येतिहासात ‘बोलीतील लेखन’ या दुय्यम सदराखाली होते.

यावरून भाषेला लिपी लाभली की तिचे भवितव्य सुरक्षित झाले, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. १९१५ च्या वंशसंहारात पश्चिम आर्मेनियनची मूळ भूमीच हरपली. स्वतंत्र लिपी आणि समृद्ध साहित्य असूनही २०१० मध्ये युनेस्कोने तिची नोंद संकटग्रस्त भाषांत केली. त्याच वर्षी ग्वांगचौमध्ये दूरचित्रवाणीवरील कँटनीजच्या रक्षणासाठी लोक रस्त्यावर आले. कोट्यवधी भाषक असूनही त्यांना ही चिंता वाटावी, हे लक्षणीय आहे. एकीकडे ग्रंथ आहेत पण बोलणारे विरळ होत आहेत. दुसरीकडे बोलणारे आहेत पण ग्रंथांवर त्यांच्या भाषेचे नाव नाही.

भाषा की बोली हा वाद मराठी अभ्यासकास कोकणीच्या संदर्भात परिचित आहे. १९७५ मध्ये साहित्य अकादमीची मान्यता मिळेपर्यंत तेथेही लिखित वाङ्मयाचा पुरावा वारंवार मागितला गेला. आर्मेनियन आणि कँटनीज यांची तुलना या मागणीतील दोष उघड करते. लिखित परंपरा हा भाषेच्या स्वतंत्रतेचा निरपेक्ष पुरावा नसतो. लिपी, शाळा आणि सत्ता यांनी कोणाचा आवाज पृष्ठावर येऊ दिला, याचीच ती बव्हंशी नोंद असते. म्हणून साहित्येतिहासकाराने संहिता कोणत्या लिपीत आहे एवढे पाहून थांबू नये. ती वाचताना कोणाचा आवाज ऐकू येतो आणि कोणाचा दबतो, हेही त्याने तपासले पाहिजे.