सहा मोती आणि सातवा

कुडी आपण बहुधा कुणाच्या तरी कानात असतानाच पाहतो. तेवढ्या अंतरावरून ती पांढऱ्या फुलासारखी दिसते आणि नजर पुढे जाते. ती तळहातावर घेऊन पाहावी, आणि शक्यतो नवशिक्या हाताची पाहावी. सोनाराच्या सफाईत जे झाकले जाते, ते तिथे उघडे असते. माझ्या भाचीने नुकताच आपला पहिला कुडीजोड तारेत ओवून पुरा केला. हे लिहिताना तो समोर आहे.

कडेला सहा मोती, मध्ये सातवा. एका गोलाभोवती त्याच मापाचे सहाच गोल एकमेकांना चिकटून बसतात. पाच घेतले तर फट राहते, सातवा घुसवायला जागा नसते. मध्ये मोठे माणिक असेल तर गोष्ट वेगळी, कडेला आणखी मोती घेता येतात. पण निव्वळ मोत्यांच्या या कुडीचा आकार कुणाच्या कल्पनेतून आलेला नाही, मोत्याच्या गोलपणातूनच निघाला आहे. 4 मिलिमीटरचे मोती घेतले की फूल 12 मिलिमीटरचे होते, कानाच्या पाळीवर शोभेल इतके.

मोती मात्र शिंपल्यात वाढतो, साच्यात नाही. एकाच सरातले दोन मोतीही तंतोतंत सारखे निघत नाहीत. भाचीच्या डाव्या कुडीत मधला मोती केसभर मोठा आहे. तिने सहा मोत्यांचे कडे आवळले तेव्हा त्याला खाली जागा उरली नाही आणि तो वर उचलला गेला. उजव्या कुडीतला केसभर लहान, म्हणून आत दबलेला. दोन्ही शेजारी ठेवल्या की डावीच आधी डोळ्यांत भरते. खिडकीतून तिरपा उजेड आला की तिचा मधला मोती तो पहिल्यांदा झेलतो, कडेच्या सहांवर हलकी सावली उतरते आणि प्रत्येक जोडावर एक राखाडी रेघ उमटते. उजवीत मधला मोती कडेच्यांच्या वर येतच नाही, त्यामुळे उजेड कुठे थांबत नाही आणि फूल चपटे वाटते.

मोत्याचे पाणी म्हणतात ते नुसते वरचे नसते. शिंपल्याने एकावर एक चढवलेले चुनखडीच्या स्फटिकांचे थर इतके पातळ असतात, की प्रकाश वरच्या पृष्ठावरून परततो तसा आतल्या थरांवरूनही परततो. काचेच्या मण्यावर चढवलेल्या रंगाला ही खोली येत नाही. त्यातही कुडीतला मोती एकटा नाही. भिंगातून पाहिले तर प्रत्येकाच्या अंगावर शेजारच्या दोघांची पुसट प्रतिबिंबे दिसतात. सुटा मोती कितीही चांगला असला तरी हे त्याच्यात दिसणार नाही.

आता तार. सहा मोती ओवून ती पुन्हा पहिल्यातून काढायची, म्हणजे कडे तयार होते. मग तिच्यात सातवा घालून तार समोरच्या मोत्यात न्यायची. मधला मोती तारेने बांधला जातो तो फक्त दोघांना. उरलेल्या चौघांवर तो नुसता टेकलेला असतो, आणि तरी हलत नाही. कुडीत मला सर्वांत जास्त आवडते ते हेच. यासाठी काही मोत्यांच्या वेजातून तार दोनदा जावी लागते. 30 गेजची तार साधारण पाव मिलिमीटर जाड, म्हणजे वेज निदान अर्ध्या मिलिमीटरहून थोडे मोठे हवे. अरुंद वेजात तार रेटली की तोंडाशी कपची उडते. मोती मऊ असतो, साध्या पोलादाच्या टोकानेही त्याच्यावर ओरखडा येतो. भाचीच्या एका मोत्याला अशी कपची गेली आहे, पण ती बाजू तिने वळवून कुडीच्या मागच्या तबकडीकडे घेतली. हे तिला कुणी सांगितलेले नव्हते.

जुन्या घरांतल्या कुड्यांत बसरा मोती असत. इराणच्या आखातातून निघालेला हा माल मुंबईच्या बाजारात यायचा. तिथे तो निवडला जाई, त्याला वेज पाडले जाई आणि त्याचे सर ओवले जात. जपानच्या मिकिमोतो कोकिचींनी 1893 मध्ये शिंपल्यात अर्धगोल मोती वाढवून दाखवला आणि पुढे गोल मोतीही शेतीसारखा पिकू लागला. नवशिक्याच्या डबीत आज मोती येतो तो त्यामुळे.

पण निवड मात्र अजून डोळ्यांनीच करायची असते. जोडासाठी चौदा मोती आधी गडद कापडावर मांडावेत, त्यातले दोन सर्वांत मोठे मधल्या जागांसाठी बाजूला काढावेत, मग उरलेल्या बारांचे दोन सारखे वाटे करावेत. भाचीने एक कुडी संपवून दुसरी हाती घेतली, तेव्हा डबीत लहानच मोती उरले होते. उजवीचा मधला मोती बदलायचा तर तार कापून सगळे उसवावे लागेल. मी तिला उसवायलाच सांगितले आहे, आणि मापाला डावी कुडी पुढे ठेवायला.