पुठ्ठ्याची गिटार

दुकानात गिटार पाहताना आपली नजर आधी कुठे जाते? चकचकीत रोगणाकडे, मधल्या गोल भोकाभोवतीच्या नक्षीकडे. दुकानदारही तेच दाखवतो. वाद्याची परीक्षा डोळ्यांनी करण्याची ही खोड जुनीच. आणि स्पेनमधल्या एका सुताराने १८६२ साली तिला चोख उत्तर देऊन ठेवले आहे.

त्याचे नाव आंतोनियो दे तोरेस. जन्म १८१७ चा, अल्मेरियाजवळचा. आजच्या शास्त्रीय गिटारीचा घाट मुख्यतः त्याच्याच हातून ठरला. त्याने एक गिटार अशी केली, की तिची पाठ आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या. पेटीचे तोंड तेवढे लाकडी पाटीचे. आपले मिरजेचे तंबोरे करणारे जिला तबली म्हणतात, तीच ही पाटी. गिटार बोलते ती तबलीच्या जोरावर, हे त्याला दाखवायचे होते. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत-संग्रहालयात आहे.

तबलीची अडचण अशी : तारांचा ताण सोसायचा तर ती जाड हवी, थरथरायचे तर पातळ हवी. तोरेसने तोड काढली ती आतल्या अंगाने. पातळ तबलीला किंचित फुगवटा द्यायचा, आणि तिच्या पोटाला पंख्याच्या काड्यांसारख्या सात बारीक पट्ट्या चिकटवायच्या. पंख्याची कल्पना आधीच्या कारागिरांची होती; परंतु मोठी पेटी, पातळ तबली आणि हलक्या पट्ट्या यांचा मेळ घातला तो त्याने.

मग पाठ कशाचीही चालेल काय? हा निष्कर्ष उतावळेपणाचा होईल. इतर गिटारींना तोरेसने स्वतः रोझवुड, मेपल, सायप्रस अशी निवडक लाकडे वापरली. नक्षीतही तो उणा नव्हता. पुठ्ठ्याने पाठ निरुपयोगी ठरत नाही. पहिला मान कोणाचा, एवढेच ठरते.

मला या वाद्याचे मोल वाटते ते आणखी एका कारणाने. उंची लाकडाचे श्रेय आपणहून बाजूला काढून, मागे आपले कसब किती उरते, हे त्याने पाहिले. आम्हा कादंबरीकारांपैकी किती जण भाषेचे रोगण असे खरवडून पाहतील?

तेव्हा या दिवाळीत मुलांसाठी गिटार घ्यायला निघालात, तर तबली एकसंध लाकडाची की प्लायवुडची, एवढे आधी विचारा. मग डोळे मिटा, आणि एक तार छेडून तिचा नाद विरेपर्यंत ऐका.