निलंबित नॅनोकण आणि द्रवांतील उष्णतावहन : एक चिकित्सा

द्रवात घन कण निलंबित केल्यास त्याची उष्णतावाहकता वाढते, ही कल्पना नवी नाही. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७३ मध्ये मिश्र माध्यमाच्या वाहकतेचे जे सूत्र मांडले, तेच आजही या विषयाचा पाया आहे. कण द्रवापेक्षा पुष्कळ अधिक वाहक असतील तर आकारमानाने एक टक्का कणांमागे वाहकता सुमारे तीन टक्के वाढते, असे त्यावरून निघते. परंतु जाडसर कण तळाशी बसतात व नळ्या झिजवतात. म्हणून १९९५ मध्ये अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतील स्टीफन चोई यांनी नॅनोमीटर आकाराच्या कणांचा पुरस्कार केला आणि ‘नॅनोफ्लुइड’ ही संज्ञा रूढ झाली.

२००१ मध्ये त्याच प्रयोगशाळेतील ईस्टमन, चोई व सहकाऱ्यांनी इथिलीन ग्लायकॉलमध्ये अवघे ०.३ टक्के तांब्याचे नॅनोकण मिसळून वाहकता ४० टक्क्यांपर्यंत वाढल्याचे नोंदविले. मॅक्सवेलच्या हिशेबाने ही वाढ एक टक्क्याच्या आसपास असावयास हवी होती. ही तफावत भरून काढण्यासाठी अनेक उपपत्ती पुढे आल्या. कणांची ब्राउनीय गती ही त्यांतील सर्वांत लोकप्रिय, आणि सर्वांत कच्ची. दहा नॅनोमीटर व्यासाच्या कणाचे पाण्यातील विसरण आणि पाण्यातील उष्णतेचे विसरण यांची तुलना केली तर उष्णता काही हजार पट त्वरेने पसरते. जो कण उष्णतेच्या इतका मागे राहतो, तो ती वाहून नेतो असे म्हणणे कठीण आहे. कणांचे साखळीसारखे पुंजके होतात व त्यांतून उष्णतेला सलग वाट मिळते, हे स्पष्टीकरण अधिक टिकाऊ ठरले. मात्र तेच पुंजके द्रवाची विष्यंदिताही वाढवतात, ही दुसरी बाजू बहुधा झाकलेली राहते.

२००९ मध्ये बुओंजोर्नो यांच्या नेतृत्वाखाली तीसहून अधिक संस्थांनी एकसारखेच नमुने स्वतंत्रपणे मोजले. त्या नमुन्यांत असाधारण अशी वाढ आढळली नाही. निष्कर्ष मॅक्सवेलच्या परंपरेतील सूत्रांशी जुळले. या विषयावरील कोणत्याही लेखनाची परीक्षा येथून सुरू व्हावयास हवी. तरीही २००१ चा आकडा प्रास्ताविकात येतो आणि २००९ चा निष्कर्ष येत नाही, असे लेखन अद्याप होते.

याहून मूलभूत गफलत शब्दाची आहे. वहन, अभिसरण व प्रारण हा भेद शालेय पुस्तकातच शिकविला जातो. संशोधनात मात्र ‘वाहकता वाढली’ याचा अर्थ ‘थंडावा वाढला’ असा सर्रास घेतला जातो. या दृष्टीने २००३ मधील दोन निबंध एकत्र वाचण्याजोगे आहेत. आयआयटी मद्रासचे सरित कुमार दास व त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी अॅल्युमिना व कॉपर ऑक्साइडच्या निलंबनांत २१ ते ५१ अंश सेल्सिअस या मर्यादेत तापमानाबरोबर वाहकतेतील वाढ दुप्पट ते चौपट होते असे दाखविले. त्याच वर्षी पुत्रा, रोएत्झेल व दास यांनी तशाच निलंबनांत नैसर्गिक अभिसरण तपासले, तेव्हा उष्णतेचे स्थानांतरण शुद्ध पाण्यापेक्षा घटलेले आढळले. कणांचे प्रमाण वाढले तसे ते आणखी घटले. पहिल्या निबंधाइतकेच महत्त्व दुसऱ्याला मिळावयास हवे होते.

वर्धा जिल्ह्यात हा भेद केवळ तात्त्विक नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि ऐन ओलिताच्या दिवसांत गावाची डीपी जळाली की पंप बंद पडतात. लहान वितरण रोहित्रांत तेल पंपाने फिरवले जात नाही; वेटोळ्यांपाशी तापून ते स्वतःच वर चढते आणि टाकीच्या भिंतींपाशी निवून खाली येते. म्हणजे येथे निर्णायक असते ते अभिसरण, आणि म्हणूनच विष्यंदिता. रोहित्र-तेलाची वाहकता पाण्याच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतकी असल्याने कण मिसळण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु तेलाला विद्युतरोधनही करावे लागते, त्यामुळे धातूचे कण सुरुवातीलाच बाद होतात. उरलेले ऑक्साइडचे कण वर्षानुवर्षे न बसता तरंगत राहतील, याची हमी प्रयोगशाळेतील काही तासांच्या निरीक्षणावरून देता येत नाही.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेसाठी तर एक अगदी साधी कसोटी पुरेशी आहे. पाण्याची वाहकता २० अंशांना सुमारे ०.६० वॅट प्रतिमीटर प्रतिकेल्विन, तर ४० अंशांना सुमारे ०.६३ असते, म्हणजे कणांविनाच पाच टक्के वाढ. वर्ध्यातील वातानुकूलन नसलेल्या खोलीत जानेवारी ते मे एवढा फरक सहज पडतो. निलंबन उन्हाळ्यात मोजले आणि शुद्ध पाण्याचा आकडा कोष्टकातून २० अंशांचा घेतला, तर दीड टक्का कणांपासून जेवढी वाढ अपेक्षित आहे तेवढी एका कणाशिवायही हाती येईल. शुद्ध द्रव त्याच दिवशी, त्याच उपकरणावर, त्याच तापमानाला मोजला होता काय, हा परीक्षकाने विचारावयाचा पहिला प्रश्न. त्याच नमुन्याची विष्यंदिता किती, हा दुसरा.