दोन पाळ्यांची कुंडी

ठाणे महापालिकेच्या ‘वृक्षवल्ली’ प्रदर्शनातली कुंडी ऐन बहरातच मांडावर येते. डोंबिवलीच्या गॅलरीतल्या कुंडीला मात्र माघाच्या गारव्यापासून चैत्राच्या घामट उन्हापर्यंत निभवायचं असतं. तिची गोडी घ्यायची तर रंगांसोबत वेळही पाहावी.

दक्षिणेच्या गॅलरीतली 14 इंची मातीची कुंडी घ्या. मध्ये जांभळी आणि पांढरी पेटुनिया, काठावरून ओघळणारं अ‍ॅलिसम, आणि फटीफटींत खोचलेल्या चिनी गुलाबाच्या काड्या. नुसता जांभळा रंग दिवेलागणीला अंधारात बुडाला असता; पांढरा त्याला वर धरतो. अ‍ॅलिसमचे बारीक तुरे तांबूस काठाची करकरीत रेघ मोडतात. लाल-पिवळ्याला अजून प्रवेश नाही. ते चिनी गुलाबाकडे राखून ठेवले आहेत.

खरी कारागिरी इथे आहे. नोव्हेंबरात लावलेली, शेंडे खुडून घेरदार केलेली पेटुनिया ऐन भरात असतानाच, फेब्रुवारीत, तिच्या वारसाच्या काड्या खोचल्या. तिची मऊ, चिकट पानं मार्चच्या उन्हात माना टाकतात. चिनी गुलाबाची गुबगुबीत पानं पाणी साठवून तग धरतात. दोघांचं मूळ दक्षिण अमेरिकेतलं, पण तहान वेगळी. पेटुनियाला रोज पाणी हवं, चिनी गुलाब जास्त पाण्याने कुजतो. म्हणून काड्या काठालगत आहेत, कारण मातीच्या कुंडीत काठ आधी सुकतो.

दिवसाच्याही दोन पाळ्या आहेत. चिनी गुलाबाला घरोघरी ‘ऑफिस टाइम’ म्हणतात. तो ऊन चढल्यावर उमलतो आणि दुपारनंतर मिटतो. सकाळची फास्ट लोकल पकडणाऱ्याला तो रविवारीच भेटतो. एरवी तो घरातल्या आजी-आजोबांचा. रात्री दमून परतणाऱ्यासाठी पांढरी पेटुनिया आहे. आजची पेटुनिया दोन रानटी जातींच्या संकरातून आली. त्यातली जांभळी मधमाश्यांची, तर पांढरी रात्रीच्या पतंगांना बोलावण्यासाठी सांजेला दरवळणारी. बागेतल्या पुष्कळ पांढऱ्या पेटुनियांत तो वास अजून टिकून आहे.

रंग निवडण्याआधी लावणाऱ्याने घरातल्यांच्या जाण्यायेण्याच्या वेळा पाहिल्या. ती नजर मला रंगसंगतीहून मोठी वाटते.