ना. गोखले आणि दडपशाहीचे दोन कायदे

ना. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या कौन्सिलांतील कार्याचा विचार करूं लागलें म्हणजे अभ्यासकांचें लक्ष त्यांच्या अंदाजपत्रकावरील भाषणांकडे आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या बिलाकडे सहजच वळतें. राज्याची सुरक्षितता व प्रजेचें स्वातंत्र्य यांचा प्रत्यक्ष झगडा जेथें उभा राहिला, तेथील त्यांच्या भूमिकेची चर्चा मात्र बहुधा स्तुति आणि निंदा या दोन टोकांतच अडकून पडते. या दृष्टीनें त्यांचीं दोन भाषणें शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्याजोगीं आहेत. पहिलें १ नोव्हेंबर १९०७ रोजीं सिमला येथें राजद्रोही सभांच्या बिलावर झालेलें. दुसरें ८ फेब्रुवारी १९१० रोजीं कलकत्त्यास छापखान्यांच्या बिलावर झालेलें. पहिल्यांत बिलास निःसंदिग्ध विरोध आहे. दुसऱ्यांत बिलाच्या तत्त्वास विरोध करण्याचें वक्त्यानें नाकारलें आहे. मध्यें अंतर अवघें सव्वादोन वर्षांचें.

या फरकाची दोन उत्तरें रूढ आहेत. जहाल पक्षाच्या परंपरेंतील लेखक त्यास नेमस्तांचा मूळचा दुबळेपणा म्हणतात. गोखल्यांचे चाहते म्हणतात कीं, परिस्थिति बदलली व जबाबदार पुरुषानें तिची दखल घेतली. आमच्या मतें दोन्ही उत्तरें अपुरीं आहेत; कारण दोहोंतही वक्त्याच्या स्वभावाचा निवाडा आहे, कायद्याच्या कलमांचा नाहीं.

प्रथम १९०७ चा प्रसंग घेऊं. त्या वर्षीं लाला लजपतराय व अजितसिंग यांस १८१८ च्या तिसऱ्या रेग्युलेशनाखालीं चौकशीवांचून हद्दपार करण्यांत आलें होतें. पुढें सिमल्यास, लोकांच्या दृष्टीआड, थोडक्या सभासदांसमोर हें बिल घाईनें मांडलें गेलें. वीसांहून अधिक माणसें जमलीं कीं ती सभा सार्वजनिक समजावी, तसें नसल्यास तें जमणाऱ्यांनीं सिद्ध करावें, असें गृहीत त्यांत होतें. गोखल्यांनीं या घाईवर बोट ठेवलें. या गृहीतामुळें खासगी घरांतील मेळावाही कायद्याच्या कचाट्यांत कसा सांपडेल तें दाखविलें. लजपतरायांसारख्या धर्म, समाज व शिक्षण या क्षेत्रांत झटणाऱ्या पुरुषास चौकशीवांचून उचलून नेल्यानें देशांत काय भावना उत्पन्न झाली तें सांगितलें. आणि एकतर्फी माहितीवर विसंबून दडपशाही केल्यास असंतोष निवत नाहीं, तो फक्त भूमिगत होतो, असा इशारा दिला. डॉ. रासबिहारी घोष व नाभ्याचे टिक्कासाहेब यांनींही बिलास विरोध केला. तरी बिल मंजूर झालेंच. या भाषणांतील कसोटी स्पष्ट आहे : राज्यकर्त्यांनीं असाधारण अधिकार मागितला तर त्याची गरज त्यांनींच पुराव्यानें दाखविली पाहिजे.

आतां १९१० चा प्रसंग. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकास कलेक्टर जॅक्सन यांचा खून झाला. २४ जानेवारी १९१० रोजीं कलकत्ता हायकोर्टाच्या आवारांत पोलिस अधिकारी शम्सुल आलम मारले गेले. दुसऱ्याच दिवशीं मोर्ले-मिंटो सुधारणांनीं वाढविलेल्या कौन्सिलची पहिली बैठक भरली. ४ फेब्रुवारीस छापखान्यांचें बिल पुढें आलें आणि चार दिवसांत तें मंजूर झालें. पंडित मदनमोहन मालवीय व भूपेंद्रनाथ बसु यांनीं विरोध केला. गोखल्यांनीं केला नाहीं. एरव्हीं आपण अशा बिलाचा सर्व शक्तीनिशीं प्रतिकार केला असता, असें सांगून त्यांनीं कारण दिलें तें असें : केवळ खून, कट व दरोडे यांचीच चिंता नसून देशांतील हवाच ब्रिटिश राज्याच्या स्थैर्यास विरोधी अशा कल्पनांनीं भरली आहे.

येथेंच चिकित्सकानें थांबावयास हवें. खुनास चिथावणी देणाऱ्या छापखान्यांवर जप्ती आणण्याचा अधिकार १९०८ च्या कायद्यानें सरकारास आधींच मिळाला होता. तेव्हां १९१० च्या बिलाची गरज उरली ती चिथावणीच्या पलीकडील लेखनासाठीं. त्याच्या चौथ्या कलमांत प्रत्यक्ष शब्दच नव्हे, तर सूचना, ध्वनि, रूपक यांनीं सुचविलेला अप्रीतीचा भावही सांपडत होता. नव्या छापखानेवाल्याकडून पांचशें ते दोन हजार रुपयांचा जामीन घेतां येत होता. १९०७ सालीं गोखल्यांनीं पुरावा मागितला होता. १९१० सालीं त्यांनीं ‘हवा’ हें कारण मान्य केलें. कृत्यांची जागा कल्पनांनीं घेतली, हा खरा फरक. तो परिस्थितींतील नव्हे, कसोटींतील आहे.

गोखल्यांस बिलाचे धोके दिसत नव्हते असें मात्र नाहीं. या कायद्यास तीन वर्षांची मुदत घालावी असा त्यांचा आग्रह होता. तो मान्य झाला नाहीं. यांतील विपर्यास ध्यानांत घेण्याजोगा आहे. ज्या १९०७ च्या कायद्यास त्यांनीं विरोध केला त्यास तीन वर्षांची मुदत होती. ज्या १९१० च्या कायद्यास त्यांनीं विरोध केला नाहीं त्यास ती नव्हती.

यावर कोणी म्हणेल कीं, कौन्सिलांत सरकारी सभासदांचें बहुमत असतां गोखल्यांच्या विरोधानें काय साधलें असतें ? आक्षेप खरा आहे, पण तो उलट बाजूसच पुरावा देतो. मतसंख्येनें बिल अडविण्याची शक्ति बिनसरकारी सभासदांपाशीं नव्हती म्हणूनच त्यांच्या संमतीचें नैतिक वजन हेंच त्यांचें एकमेव भांडवल होतें. गोखल्यांच्या संमतीची सरकारास जितकी गरज होती तितकी दुसऱ्या कोणाच्याही संमतीची नव्हती. त्यांनीं तत्त्वास संमति आधीं दिली व मुदत नंतर मागितली. ती मुदत संमतीची अट झाली असती तर तिला कांहीं किंमत आली असती. ती विनंति झाली, आणि विनंति नाकारणें सरकारास जड गेलें नाहीं.

परिणाम लवकरच दिसला. या कायद्यांत हायकोर्टाकडे दाद मागण्याची सोय होती. परंतु १९१३ सालीं ‘कॉम्रेड’ पत्राचे संपादक महंमद अली यांच्या प्रकरणांत कलकत्त्याचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांनीं दाखवून दिलें कीं, चौथें कलम इतकें व्यापक आहे आणि निर्दोषत्वाचा भार अर्जदारावर असा कांहीं टाकला आहे कीं, न्यायालयाच्या हातीं फारसें कांहीं उरत नाहीं. गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं वारले. कायदा मात्र १९२२ पर्यंत जगला. तीन वर्षांच्या जागीं बारा वर्षें.

१९१९ सालीं रौलट बिल आलें तेव्हां सरकारनें होऊन तीन वर्षांची मुदत देऊं केली. परंतु गोखल्यांच्या भारत सेवक समाजाची धुरा वाहणारे श्रीनिवास शास्त्री यांच्यासह एकाही निवडून आलेल्या हिंदी सभासदास ती पुरेशी वाटली नाहीं. मालवीय, जीना व मझरुल हक यांनीं राजीनामे दिले. मुदत हा उपचार आहे, कसोटी नव्हे, हें नऊ वर्षांच्या अनुभवानें शिकविलें होतें. १९०७ च्या सभाबंदीची कथाही हेंच सांगते. तिची मुदत संपतांच ती वाढविण्यांत आली, व १९११ सालीं त्या जागीं बिनमुदतीचा कायदा आला. परकीय सत्ता गेल्यावरही तो कायदेपुस्तकांतून २०१७-१८ पर्यंत निघाला नाहीं.

पुण्याच्या डेक्कन सभेनें काढलेल्या गोखल्यांच्या भाषणसंग्रहांत हीं दोन्ही भाषणें आज वाचावयास मिळतात. दुसऱ्यांत नेकी आहे, वेदना आहे, देशाविषयीं कळकळही आहे. भ्याडपणाचा आरोप त्यास लागू पडत नाहीं. परंतु नेकीनें दिलेली संमति कायद्यांत टिकते ती नेकीसह नव्हे, केवळ संमति म्हणून. राज्याच्या सुरक्षिततेसाठीं असाधारण अधिकार मागितला जाईल तेव्हां गोखल्यांचा दाखला द्यावयाचा असेल, तर तो १९०७ च्या गोखल्यांचा द्यावा, असें आमचें मत आहे.