तो चहा, ती कॉफी

मराठीत चहा पुल्लिंगी आणि कॉफी स्त्रीलिंगी. व्याकरणातला योगायोग म्हणून हे सोडून देता आले असते; पण भाषेत या दोघांचे वागणेही वेगळे आहे. चहा मराठीत शिरला आणि घरच्यासारखा वावरू लागला. चहापाणी, चहापोहे, चहापान, चहावाला. 'चहापाणी' हा शब्द तर सोयऱ्यांच्या आगतस्वागतापासून कचेरीतल्या टेबलाखालच्या व्यवहारापर्यंत कुठेही चालतो. विधिमंडळ अधिवेशनाच्या पूर्वसंध्येचे चहापान आणि त्यावर विरोधकांचा बहिष्कार ही आपल्याकडे राजकीय रूढीच झाली आहे. साहेबापेक्षा साहेबाचा माणूस जास्त तोऱ्यात वागू लागला, की लोक 'चहापेक्षा किटली गरम' म्हणतात. कॉफीच्या खात्यावर असे काहीही जमा नाही. फाईल पुढे सरकवण्यासाठी कुणी 'कॉफीपाणी' मागितल्याचे माझ्या तरी ऐकण्यात नाही.

पोल्सनचे उदाहरण या बाबतीत मौजेचे आहे. पेस्तनजी एदलजी दलाल यांनी १८८८ मध्ये मुंबईत धंदा सुरू केला तो कॉफी दळून विकण्याचा. चिकोरी मिसळलेली त्यांची 'फ्रेंच कॉफी' प्रसिद्ध होती. लोणी पुढचे. मराठीने मात्र त्या नावावरून वाक्प्रचार घडवला तो लोण्याचा : साहेबाला पोल्सन लावणे. कॉफी भाषेने गाळून टाकली.

या रिकाम्या जागेवरून आपल्याकडचे लिहिणारे एक सोपा निष्कर्ष काढत आले आहेत. मराठी माणूस चहाबाज. कॉफी दक्षिणेची, नाहीतर पुण्या-मुंबईच्या इंग्रजी वाचणाऱ्यांची. ललित लेखांत हे वाक्य इतक्या वेळा येते की ते तपासावे असे कुणाला वाटत नाही. मला ते चुकीचे वाटते. मराठी घरात कॉफीचे प्रेम जुने आहे. फक्त ते पेयावर कमी आणि प्रसंगावर जास्त आहे. प्रसंग म्हटला की बैठक आली; आणि बैठक आली की कोण बसले, कोण उभे राहिले, कप कुणी विसळला हे प्रश्न आले. चहाच्या बाबतीत आपल्या साहित्याने हे प्रश्न विचारले. कॉफीपाशी आल्यावर आपण हळवे होतो.

आधी 'दक्षिणेची' या शब्दाचा हिशेब करू. आमचा अहमदपूर तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा अहमदपूर, उदगीर, निलंगा इकडे आले आणि बीदर तिकडे गेले. 'तिकडे' म्हणजे देशातली सुमारे ७० टक्के कॉफी पिकवणाऱ्या आजच्या कर्नाटकात. तरीही बीदरच्या बसस्थानकावर उतरलेल्या माणसाच्या हातात आधी पडतो तो चहाच. चिकमगळूर आणि कोडगूचे मळे तिथून शेकडो किलोमीटर लांब; जवळ आहे ते हैदराबाद आणि तिथला इराणी चहा. सरहद्द हलली, सवय हलली नाही. उलट तंजावरकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरे पाहा. घरात मराठी बोलतात आणि सकाळी पितळी फिल्टरमधून उतरलेली कॉफी पितात. तेव्हा 'मराठी जीभ' अशी एक वस्तू गृहीत धरून लिहिणे थांबवले पाहिजे.

आता मराठी घरातल्या कॉफीकडे येतो. पाणी नावापुरते, दूध भरपूर, साखर सढळ, कॉफी बेताची, वेलदोडा, आणि वरून किसलेले जायफळ. जायफळाने झोप येते ही घरोघरची समजूत. तान्ह्या बाळाच्या गुटीतही ते उगाळतात. कॉफीने झोप उडते. झोप आणणारे आणि झोप घालवणारे एकाच कपात घालून तो कप पाहुण्यापुढे करणारा दुसरा समाज मला ठाऊक नाही! अलीकडच्या वर्तमानपत्री पुरवण्यांतले खाद्यलेखक या कपाला हसतात. बी कुठल्या मळ्यातले, भाजणी किती गडद, दळण किती बारीक याची चर्चा करून झाली, की जायफळाची कॉफी त्यांना 'रंगवलेले मसाला दूध' वाटू लागते.

हा निवाडा एखाद्या अभंगाला सुनीताच्या कसोट्या लावण्यासारखा आहे. कृती कशासाठी जन्मली ते आधी पाहावे. आपल्या घरात चहा कामाच्या आधी येतो, कॉफी काम संपल्यावर. रात्रीची पंगत उठल्यावर, गाण्याची बैठक भैरवीकडे झुकल्यावर, कोजागरीला दूध नको म्हणणाऱ्यासाठी, तापातून उठलेल्या माणसाच्या उशाशी. जागायचे आहे, पण अस्वस्थ व्हायचे नाही. आणि थोड्या वेळाने झोपायचेही आहे. या गरजेला जायफळ अगदी नेमके बसते. कॉफी महाग म्हणून बेताची, दूध घरचे म्हणून भरपूर, हाही त्यातला सरळ हिशेब. जुन्या घरांत कॉफीच्या वड्या मिळत. एक वडी दुधात विरघळवली की काम झाले. भाजणीचा सुगंध वगैरे गोष्टी त्या वडीत शिल्लक राहत नसत, आणि त्यांची उणीवही कुणाला भासत नसे.

आमच्या भागात तर कॉफीचा डबा बहुतेक घरांत नव्हताच. पुडी आणली जायची ती पाहुणा पाहून. "मी चहा घेत नाही" असे म्हणणारा एक पाहुणा प्रत्येक गावात येतो. कधी तो कीर्तनकार असतो, कधी निवृत्त गुरुजी, कधी मुलीच्या सासरचा वडीलधारा. "मामा, च्या नको तर काफी टाकू का?" असे आतून विचारले जाते आणि त्याच वेळी मागच्या दाराने पोरगा दुकानाकडे पळतो. मामा "कशाला उगाच" म्हणतात आणि कॉफी येईपर्यंत बसतात. चहा सोडल्याचा मान कॉफीने मिळतो. पेयाची ही प्रतिष्ठा चवीतून आलेली नाही, त्यासाठी कराव्या लागलेल्या धावपळीतून आलेली आहे. दोन रुपयांच्या पुड्या टपरीवर लोंबू लागल्या तेव्हा धावपळ संपली, आणि मानही थोडा उतरला. मग तो मान लग्नाच्या मांडवात गेला. फसफसणारे यंत्र, वाफेने फुगलेले दूध, वर चॉकलेटची भुकटी. तिला 'एक्स्प्रेसो' म्हणतात. इटलीतल्या माणसाने ती ओळखली नसती. पण मांडवातल्या पोरांची सर्वांत लांब रांग तिथेच लागते.

मराठी समीक्षेत कॉफी येते ती मात्र दुसऱ्याच वाटेने : कॉफी हाऊसच्या आठवणींतून. तिथे बसून नवकविता झाली, लघुनियतकालिके निघाली, एका कपावर चार तास वाद झाले. हे खोटे नाही. पण कॉफी हाऊस म्हणजे काय होते हे या आठवणी सांगत नाहीत. १९३०च्या दशकात जगभर भाव कोसळले, मळेवाल्यांची कॉफी पडून राहिली, तेव्हा देशात गिऱ्हाईक तयार करण्यासाठी कॉफी उपकर समितीने ही दुकाने काढली. पहिले १९३६ मध्ये मुंबईत, चर्चगेटला. म्हणजे ज्याला आपण मुक्त विचारांचे पीठ म्हणतो ते मुळात जाहिरातीचे खाते होते. पुढे १९५०च्या दशकाच्या मध्याला कॉफी बोर्डाने ती बंद करायला घेतली. कामगार रस्त्यावर आले. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने त्या कामगारांनी सहकारी संस्था काढल्या. पहिली १९५७ मध्ये बेंगळुरूला. डोक्याला तुरेवाला फेटा बांधून ट्रे आणणारा माणूस दुकानाचा मालक झाला, ही त्या इमारतींत घडलेली सर्वांत मोठी गोष्ट. आपल्या आठवणींत तो अजूनही फक्त ट्रे आणतो.

तमिळमध्ये हे काम झाले आहे. ए. आर. वेंकटाचलपती यांच्या २००६ च्या 'इन दोज डेज देअर वॉज नो कॉफी' या पुस्तकात कॉफीचा तमिळ मध्यमवर्गाशी जडलेला संबंध आणि तिच्यासमोर कष्टकऱ्यांचा ठरलेला चहा यांची मांडणी आहे. तमिळनाडूत कॉफी क्लबांवर 'ब्राह्मणांचे' अशा पाट्या असत. १९५७ मध्ये पेरियारांनी मद्रासच्या ट्रिप्लिकेनमधल्या मुरली कॅफेसमोर त्या शब्दाविरुद्ध आंदोलन चालवले. तिथे कॉफीवर प्रेम करणाऱ्याला त्या पाटीखालून आत जावे लागले, आणि त्यांच्या अभ्यासकांनी ती पाटी वाचली.

आपल्याकडे ती पाटी चहाच्या कपावर होती. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) गावच्या हॉटेलातल्या वेगळ्या कपबशीविरुद्ध निवेदक आणि त्याचा मित्र पोलिसांत तक्रार नेतात. सोलापूरच्या त्या सीमाभागात जे होते ते आमच्याकडेही होते. छपराच्या वळचणीला अडकवलेला, ज्याचा त्याने विसळून ठेवायचा कप माझ्या पिढीने पाहिलेला आहे. मराठीतला 'चहा' हा शब्द दलित आत्मकथनांनी असा तपासून घेतला. म्हणून आज चहाच्या टपरीवर कुणी भाबडा लेख लिहिला तर वाचक लगेच विचारतो, कुणाचा कप? कॉफीला हा प्रश्न कधी विचारला गेला नाही, कारण ती त्या छपराखाली पोचलीच नव्हती. तिच्या निरागसपणाचे कारण एवढेच.

अरुण कोलटकरांचा अपवाद करावा लागेल. काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये ते वर्षानुवर्षे बसले. पण 'काळा घोडा पोएम्स' (२००४) उघडले तर कवीचे टेबल दिसत नाही, खिडकीबाहेरचा चौक दिसतो. आणि त्या चौकात फुटपाथवरच्या माणसांची न्याहारी चाललेली असते. आत बसण्याची चैन बाहेर पाहण्यासाठी वापरली, असे मराठी लेखकाच्या बाबतीत फार कमी वेळा म्हणता येते.

२०१५ च्या 'कॉफी आणि बरंच काही' या प्रकाश कुंटे यांच्या चित्रपटाचे नाव एका कॉफी दुकानांच्या साखळीच्या जाहिरातीची आठवण करून देते. ती साखळी १९९६ मध्ये बेंगळुरूला सुरू झाली होती. चित्रपट गोड आहे. कॉफीच्या दुकानात वाट पाहणारा तरुण एकीकडे, घरी मुलगी पाहायला आलेला मुलगा दुसरीकडे. कांदेपोह्यांच्या जागी कॉफी येते आणि प्रेक्षकाला वाटते की निवड आली. वाटणे समजू शकते. पण दोन्हीकडची माणसे एकाच थरातली, एकाच भाषेतली, एकमेकांना आधीच चालणारी आहेत. बशी बदलली आहे, पाहुणे तेच आहेत.

हे सारे लिहीत असताना माझ्या डोळ्यासमोर कॉफीचा तिसराच प्रकार आहे. त्याला साहित्यात अजून जागा मिळालेली नाही. लातूरच्या शिकवण्यांसाठी आमच्या तालुक्यातून, नांदेड-परभणीकडून मुले-मुली जातात. अहमदपुरातही खोल्या करून राहतात. नीटची परीक्षा जवळ आली की रात्री दोनलाही खिडक्यांत दिवे दिसतात. त्या खोल्यांतून विजेची किटली असते आणि खिळ्याला कॉफीच्या पुड्यांची माळ. दूध नसते, कारण ते नासते. जायफळ नसते, कारण झोप नको असते. गरम पाणी, एक पुडी, कधी दोन. पाहुणा नाही, पंगत नाही, बैठक नाही; समोर भिंतीवर चिकटवलेली आवर्त सारणी. मराठवाड्यात कॉफी तिच्या मूळ गुणासाठी, फक्त जागे राहण्यासाठी, इतक्या मोठ्या संख्येने पहिल्यांदाच प्यायली जात असावी. पिणाऱ्यांतल्या बहुतेकांच्या घरी आजही सकाळी चहा होतो. त्यांतल्या एका मुलीला मी विचारले, कॉफी आवडते का? तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "काका, आवडायचं काय त्यात? कडू असते. परीक्षा झाली की सोडणारे."